एकशे चाळिसाव्या भागातला प्रश्न

१४०_कच्चा

बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून तासाभरात किती कचरा बाहेर पडतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. अं, म्हणजे, काय ते, घशातली खरखर, ओठ सुटताना होणारा बारीक चिकट आवाज, अधूनमधून पोटाची गुरगुर. आठ वर्षं ती हा कचरा काढत होती. ऑफिसात तिला कात्री म्हणत. ऑफिस म्हणजे दीड खोली, आणि म्हणणारे दोघंच: एक निवेदक आणि एक जाहिराती आणणाऱ्या बाई.

सध्याच्या पॉडकास्टचं हे तिसरं वर्ष, नाव ‘झोपण्यापूर्वी एक खून’. दर शुक्रवारी एक खरा खून. लोक अंथरुणात पडून ऐकायचे आणि खुनी सापडायच्या आत घोरायला लागायचे. हे हेरून एका गादीच्या कंपनीने जाहिरात दिली होती. त्यांची अट एकच, प्रत्येक पाहुण्याला झोपेबद्दल काहीतरी विचारायचं. ज्याची मुलगी गेली त्या बापालाही विचारायचं, झोप लागते का हो? बाप म्हणायचा, नाही. की लगेच गादी.

निवेदकाला पाठीमागे सगळे घसा म्हणत. सगळे म्हणजे पुन्हा दोघीच. बारा महिने गळ्याला मफलर, हातात कोमट पाण्याची बाटली. आवाज असा की ऐकणाऱ्याने घराची किल्ली काढून द्यावी. पण समोर माणूस बसला की या आवाजाची त्रेधा उडायची. एक प्रश्न विचारायला त्याला पाच वाक्यं लागायची, मध्येच स्वतःच्या मावशीची गोष्ट यायची, आणि मूळ प्रश्न कुठल्या कुठे जायचा.

म्हणून एक पद्धत पडली होती. माइक दोन, म्हणून पडद्यावर आवाजाच्या पट्ट्याही दोन. घशाची पट्टी कात्री न ऐकताच उडवायची. पाहुण्याच्या माइकमध्ये त्याचा आवाज पुसट उतरलेला असायचा, तोही पुसून टाकायची. मग कानाला हेडफोन लावून नुसती उत्तरं ऐकायची, आणि प्रत्येक उत्तराला शोभेल असा नेटका प्रश्न कागदावर लिहायची. घसा आतून रजया ठोकलेल्या कपाटात उभा राहून ते प्रश्न वाचायचा. ऐकणाऱ्यांना वाटायचं, काय नेमकं विचारतो हा माणूस!

यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही. भाजी निवडल्यासारखं होतं ते.

शिवाय एक नियम होता. रेकॉर्डिंगची मेमरी कार्डं दोनच, त्यामुळे शुक्रवारी भाग गेला की शनिवारी कार्ड पुसायचं.

१४०_अंतिम

तिची ताई जिन्यावरून पडून गेली.

इमारतीचा मागचा जिना, सतरा पायऱ्या. त्या दिवशी लिफ्ट बंद होती, आणि ताईचा नवरा लिफ्टचा मेकॅनिक. पोलिसांना यात ना विनोद दिसला, ना संशय. भावोजी म्हणाले, मी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका लिफ्टच्या टपावर बसलो होतो, तीन तास, एकटाच. पोलिसांनी लिहून घेतलं. अपघात. फाइल बंद.

कात्रीला पहिल्या दिवसापासून खात्री होती. ताई फोनवर बोलत असताना भावोजी खोलीत आले, की तिचा श्वास बदलायचा. शब्द तेच, हसणंही तेच, फक्त श्वास आखूड. श्वास कापण्यात जिची आठ वर्षं गेली तिला हे कळायचं. पण असला पुरावा पोलीस ठाण्यात कोण लिहून घेणार?

दोन वर्षांनी घसा म्हणाला, “तुझ्या ताईचं करू या का गं?”

“भावोजी बोलणार नाहीत.”

“अगं, तो आपला श्रोता आहे. मला मेसेज करतो. लिफ्टच्या खड्ड्यात उभा राहून ऐकतो म्हणे. आवाज छान घुमतो तिथे.”

भावोजी लगेच तयार झाले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला असं घसा नंतर सांगत होता. रेकॉर्डिंग ताईच्याच स्वयंपाकघरात झालं. कात्री वर गेली नाही. एक तर त्या घराचा उंबरा तिला ओलांडायचा नव्हता, आणि मेहुणी समोर असली तर माणूस खुलायचा नाही, असं घशाचंही मत पडलं. ती खाली गाडीत बसून राहिली. एक तास दहा मिनिटं.

घसा मफलर सैल करत खाली आला. “काही दम नाही. रडलासुद्धा नाही. तुलाच काहीतरी करावं लागणार.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता ती कामाला बसली. घशाची पट्टी उडवली. पुसट आवाज पुसला. हेडफोन लावले. बेचाळिसाव्या मिनिटाला भावोजी म्हणाले:

“शेवटच्या तीन पायऱ्या येईपर्यंत ती ओरडलीच नाही. मग एकदाच. मला नाही. आईला हाक मारली.”

तिने मागे घेऊन ऐकलं. पुन्हा ऐकलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला लिफ्टच्या टपावर बसलेल्या माणसाला हे कसं ऐकू आलं?

तिने तेव्हा किंचाळायला हवं होतं, कार्ड उचलून पळत पोलिसांकडे जायला हवं होतं. तिने तिला जे येत होतं ते केलं. उत्तराच्या आधी प्रश्न लिहिला: ‘त्या दिवशी जिन्यात नेमकं काय झालं?’ उत्तर संपल्यावर चार सेकंद शांतता टाकली, पेंगणाऱ्यानेही डोळे उघडावेत म्हणून. आता, प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. सांधे जोडायला ती आधीच अर्धं मिनिट रेकॉर्ड करून ठेवावी लागते, आणि घसा नेमका ते विसरून आला होता. मग तिने आईच्या खोलीतली शांतता घेतली. आईची मुलाखत आधीच्या आठवड्यात झाली होती, तिच्यातली उरली होती.

चार सेकंदांनंतर गादी.

शुक्रवारी भाग गेला. शनिवारी सकाळी तिने डबा टेबलावर ठेवला, खुर्ची ओढली आणि कार्ड पुसलं. एकशे एकोणचाळीस वेळा पुसलं होतं तसंच. हाताला काय कळतं, आज कुठला शनिवार आहे ते.

१४०_अंतिम_२

रविवारपर्यंत आठ लाख लोकांनी ऐकलं. त्यातले बरेचसे झोपलेच नाहीत. गादीवाले जरा नाराज झाले.

पोलिसांनी फाइल उघडली. भावोजी एका ऑफिसच्या इमारतीत कामावर होते, तिथे चौघं त्यांना पकडायला गेले. पोलीस ज्या लिफ्टमध्ये शिरले ती चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकली. त्यांना बाहेर काढायला भावोजींनाच यावं लागलं. भावोजींनी दार फाकवलं, एकेकाला हात देऊन वर ओढलं. चौथा बाहेर आला आणि त्याने त्यांना अटक केली.

आई दिवसभर तेच ऐकायची. सगळा भाग नाही, पायऱ्याही नाहीत. फक्त शेवटचं.

(इथून एक मिनिट वीस सेकंद काढले. आई रडते.)

“मला हाक मारली तिने,” आई दुकानात सांगायची, डॉक्टरला सांगायची, चुकीचा नंबर लागलेल्या माणसालाही सांगायची. “शेवटी मलाच मारली.” सांगताना तिच्या चेहऱ्यावर जे यायचं त्याला अभिमान म्हणणं बरं नाही, पण दुसरा शब्दही सापडत नाही. जाण्याआधी दोन वर्षं ताई आईशी बोलत नव्हती. कशावरून, ते दोघींनाही नीट सांगता आलं नसतं. आता ते मिटलं होतं.

१४०_अंतिम_खरंच

खटला उभा राहायला चौदा महिने गेले. तेवढे दिवस भावोजी आत.

आवाजाचा तज्ज्ञ आला तो कानात यंत्र लावून. सरकारी वकिलांनी त्याच्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

“ही शांतता त्या खोलीतली नाही,” तज्ज्ञ म्हणाला.

“शांतता खोलीतली नाही म्हणजे?” न्यायाधीशांनी विचारलं.

“स्वयंपाकघरात फ्रिजची घरघर आहे. या ठिकाणी चार सेकंद फ्रिज गायब होतो आणि भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतं. मग घड्याळ जातं, जाहिरात लागते, आणि ती संपली की फ्रिज परत येतो. ही शांतता बाहेरून आणलेली आहे.”

लोक हसले. कारकूनही हसला. तिने मान खाली घातली, कारण घड्याळ आईचं होतं.

बचावाच्या वकीलबाई पन्नाशीच्या, बुटक्या, सर्दी झालेल्या. हातात रुमाल. “आणि निवेदकाचे प्रश्न कुठल्या खोलीतले?”

“त्यांना खोलीच नाही. कपाट असावं.”

मग घसा पिंजऱ्यात आला. मफलर काढायला सांगितल्यावर त्याचा चेहरा पडला.

“त्या वाक्याआधी तुम्ही काय विचारलं होतं?”

“आठवत नाही बुवा.”

“समोर बसून विचारलंत ना?”

“हो. पण प्रश्न विचारला की मी पुढच्या प्रश्नाचा विचार करतो. उत्तरं ही ऐकते.” त्याने कात्रीकडे बोट दाखवलं.

“प्रश्न कोण ऐकतं?”

घशाने मोकळ्या गळ्यावरून हात फिरवला. हा प्रश्न त्याला खरंच कुणी विचारला नव्हता.

मग तिला बोलावलं. वकीलबाईंनी नाक पुसलं आणि अगदी मायेने विचारलं, “बाई, मूळ रेकॉर्डिंग कुठे आहे?”

“पुसलं.”

“कुणी?”

“मी.”

“सख्ख्या बहिणीच्या खुनाची कबुली मिळाली असं तुम्हाला वाटलं, आणि तुम्ही ती पुसलीत.”

“शनिवार होता,” ती म्हणाली. हे कोर्टात किती विचित्र वाटतं ते तिला बोलल्यावर कळलं.

“बरं. ‘त्या दिवशी जिन्यात नेमकं काय झालं?’ हा प्रश्न कुणाचा?”

“मी लिहिला.”

“उत्तर मिळालं तेव्हा तुम्ही कुठे होतात?”

“खाली. गाडीत.”

“म्हणजे गाडीत बसलेल्या बाईंनी दुसऱ्या दिवशी जो प्रश्न लिहिला, त्याचं उत्तर माझ्या अशिलांनी आदल्या दिवशीच देऊन टाकलं.” त्या न्यायाधीशांकडे वळल्या. “माझे अशील लिफ्टमध्ये हुशार आहेत, पण इतके नाहीत.”

पुन्हा हशा. या बाईंना चांगला पॉडकास्ट करता येईल, असं घसा मागच्या बाकावर कुणाला तरी म्हणाला.

“शेवटचं विचारते. मी तुमचे एकशे एकोणचाळीस भाग ऐकले. माझी झोप उडाली ते सोडा. प्रत्येक भागात पाहुण्याला झोपेबद्दल एक प्रश्न आहे. एकशे चाळिसाव्यात नाही. तो कुठे गेला?”

वकीलबाईंनी रुमालाची घडी घातली.

“माझे अशील म्हणतात, त्यांना विचारलं होतं, झोपेत काय दिसतं? आणि त्यांनी स्वप्न सांगितलं. दोन वर्षं रोज पडणारं. ते खोटं बोलतायत?”

ती कठड्याला धरून उभी राहिली आणि आठवायला लागली. आवाज आठवायचा प्रश्नच नव्हता, ऐकलाच नव्हता. तिने पट्टी आठवली. पडद्यावर भावोजींच्या उत्तराच्या आधी घशाची पट्टी कशी दिसत होती? एक लांबलचक करडं झुडूप. चाळीस सेकंदांचं असेल. मध्ये एक खाच, तिथे तो पाणी प्यायला असेल. चाळीस सेकंदांत माणूस काय वाटेल ते विचारू शकतो. झोप लागते का. तुम्ही तेव्हा कुठे होतात. माझी एक मावशी होती. त्या झुडपावर तिने कर्सर नेला होता आणि एक बटण दाबलं होतं, एवढंच तिला स्वच्छ आठवत होतं.

“बाई?”

“मला माहीत नाही,” ती म्हणाली.

१४०_हाच_शेवटचा

भावोजी सुटले.

घशाने खटल्यावर सहा भाग केले, चूक कबूल करणारे. ते अफाट चालले. “प्रामाणिकपणाला मरण नाही बघ,” तो फोनवर म्हणाला. “तुझी साक्ष कापायला दुसरी मुलगी ठेवलीय. तुझ्यासारखा हात नाही तिला. तू येतेस का परत?”

“नाही.”

“विचार कर. तुझे श्वास तिने सगळे ठेवलेत, वाईट वाटतं ऐकायला.”

त्याआधी, निकालाच्या दिवशी, ती हजर होती. कोर्टाच्या तळमजल्यावर, पिण्याच्या पाण्याच्या यंत्राजवळ. बाहेर कॅमेरे होते म्हणून भावोजींना मागच्या बाजूने काढणार होते. वकीलबाई गाडी बोलवायला गेल्या आणि बोळात दोघंच उरले. चौदा महिन्यांत त्यांची मान बारीक झाली होती. इस्त्रीचा शर्ट बाहेरून कुणीतरी पाठवला असावा, घड्या तशाच होत्या.

“कशी आहेस?” ते म्हणाले.

“भावोजी, त्याने काय विचारलं होतं?”

“आई कशा आहेत?”

“काय विचारलं होतं?”

त्यांनी पाण्याचा पेला भरला, अर्धा प्यायले. “फोन दे.”

तिने दिला. त्यांनी तो बंद केला आणि लांब खिडकीच्या कठड्यावर नेऊन ठेवला. परत आले. मेकॅनिक माणूस, घाई नाही.

“तुझी ताई सांगायची, तुला भिंतीपलीकडचंही ऐकू येतं म्हणून. मला भीती वाटायची तुझी. तू घरी आलीस की मी कमी बोलायचो.” ते हसले. “आणि बघ, नेमकं तेवढंच तू ऐकलं नाहीस.”

“काय विचारलं होतं?”

“त्याने विचारलं, तुम्ही जिन्यात कुठे उभे होतात. मावशीचं काहीतरी बोलला आधी, मग हे. आणि मी सांगितलं. माझ्याच लक्षात आलं नाही काय बोललो ते. त्याच्याही नाही. तो पाणी पीत होता.” त्यांनी पेला कचऱ्याच्या डब्यात टाकला. “झालं? आता जा, लाव कुठेतरी.”

वकीलबाई दारातून हाक मारत होत्या. ते गेले.

ती तिथेच उभी राहिली. अंगातलं सगळं रक्त एकदम कानात आलं होतं. खरं बोलले. शप्पथ घेऊन सांगता आलं असतं की खरं बोलले. मग वाटलं, आपण ज्याचं आयुष्य उलटंपालटं केलं, घर, काम, चौदा महिने, तो निर्दोष माणूस आपल्याला दुसरी काय शिक्षा देईल? हीच देईल. जन्मभर पुरेल अशी. त्यांचा श्वास कसा होता, आखूड की लांब? तिने लक्ष दिलं नव्हतं. ती उत्तर ऐकत होती.

नाव_नाही

आई दार उघडं ठेवूनच बसली होती. निकाल तिला टीव्हीवर कळला होता.

“बस,” ती म्हणाली. “खाल्लंस का काही?”

“भावोजी भेटले होते.”

 आईने हातातला टॉवेल मांडीवर पसरला, पुन्हा त्याची घडी घातली.

“मग?”

रस्ताभर कात्रीने ठरवलं होतं, यातलं काही काढायचं नाही. म्हणून तिने सगळं सांगितलं. पाण्याचं यंत्र, पेला, फोन खिडकीत ठेवला ते, आई कशा आहेत विचारलं ते, मावशी, आणि ‘तुम्ही जिन्यात कुठे उभे होतात’. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. जिथे ते थांबले तिथे तीही थांबली. सांगून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपला आवाज सपाट येतोय, वाचून दाखवल्यासारखा.

“म्हणजे ते स्वप्न नव्हतं,” आई म्हणाली.

“नव्हतं.”

“तो तिथे होता.”

“हो.”

“मग तिने मला हाक मारली होती.”

“हो, आई.”

आईने तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली, जणू दुकानात एखादी वस्तू हातात घेऊन, उलटी करून, शिवण तपासावी तशी. या कोर्टाच्या पायी आईलाही आता सगळं कळत होतं. शांतता कुठून आणतात, प्रश्न मागून कसा लावतात, कुठे सांधा असतो.

“खरं सांग,” आई म्हणाली. आवाजात राग नव्हता. असला तर थोडासा लळाच होता, लहान मुलाने आईला बरं वाटावं म्हणून काही रचून सांगावं, तेव्हा असतो तसा. “हे तो बोलला, का तू लावलंस?”

“तो बोलला.”

“बरं,” आई म्हणाली आणि तिचं ताट वाढायला उठली.